नंदादेवी सँक्चुअरी, हिमबिबट्या आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स एकाच ट्रिपमध्ये होईल का?

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जातोच आहोत, तर त्याच आठवड्यात नंदादेवी सँक्चुअरीच्या आत जाता येईल का आणि हिमबिबट्या दिसेल का. दोन्ही जमणार नाही. का ते सांगतो.

हे सगळं एकाच बायोस्फिअर रिझर्व्हमध्ये (म्हणजे मोठ्या संरक्षित निसर्गक्षेत्रात) येतं हे खरं (1988 सालचा), पण त्याचे दोन कोअर, म्हणजे सगळ्यात कडक जपलेले, भाग वेगवेगळे आहेत, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स साधारण 87 चौरस किमी आणि नंदादेवी नॅशनल पार्क सुमारे 630. नंदादेवी, 7816 मीटर, उंच शिखरांच्या कड्याच्या आत उभी आहे, हे आतलं खोरं म्हणजेच सँक्चुअरी, आणि त्या कड्याला एकच फट, ऋषीगंगा नदीची घळ. घळ म्हटल्यावर आपली सांदण दरी डोळ्यासमोर आणू नका, इथे दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि खाली फेसाळती नदी, त्यामुळे कित्येक जण बाहेरूनच परत गेले. शेवटी 1934 मध्ये शिप्टन आणि टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक, सोबत तीन शेर्पा (त्यातला एक आंग थरके), त्या घळीतून आत पोचले. दोन वर्षांनी टिलमन आणि त्याचा जोडीदार ओडेल शिखरावर गेले.

1974 ला मोहिमांना परवानगी मिळाली आणि मग व्हायचं तेच झालं, सरपणासाठी झाडं तुटली, कॅम्पवर कचरा साठला, कस्तुरीमृगाची चोरटी शिकार चालली. 1982 ला नॅशनल पार्क झालं आणि लगेच पुढच्या वर्षी आतलं खोरं बंद केलं. मला स्वतःला हा निर्णय मनापासून पटतो. पण याची किंमत लाता, रेणी, तोलमा अशा गावांतल्या लोकांनी मोजली, त्यांची आतली कुरणं गेली, पोर्टरची कामं गेली. आणि रेणी म्हणजे तेच गाव जिथे मार्च 1974 मध्ये गौरादेवी आणि बायकांनी झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवलं. 7 फेब्रुवारी 2021 ला वरून रोंती शिखराचा बर्फासकट कडा कोसळून ऋषीगंगेला लोंढा आला तो याच गावाखालून गेला, दोनशेच्या वर माणसं गेली. जोशीमठहून मलारीच्या बाजूला गेलात तर रेणीला थांबा, लोकांशी बोला.

हिमबिबट्या आहे तिथे, कॅमेरा ट्रॅपमध्ये आलाय, पण ऑगस्टमध्ये तो खूप वर असतो कारण त्याचं खाद्य म्हणजे भरल (हिमालयातल्या रानमेंढ्या) वरच्या गवतावर चरत असतात. तो बघायचाच असेल तर फेब्रुवारी-मार्चला हिमाचलमधल्या स्पितीत किब्बर गावाला जा, बर्फामुळे भरल खाली येतात आणि त्यांच्या मागे तोही.

तुमच्या वाटेवर मोनाल हा रंगीत पक्षी मात्र नक्की शोधा. घांगरियाहून, म्हणजे व्हॅलीच्या खालच्या मुक्कामाच्या गावाहून, पहाटे निघा. पुष्पावती नदी ओलांडली की भोजपत्राचं जंगल लागतं, तिथे मला नर दिसला होता, डोक्यावर मोरासारखा तुरा, मान तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी, आणि चोचीने माती उकरत कंद खात होता, माझ्यापासून वीसेक पावलांवर. चाहूल लागल्यावर शीळ घालत उतारावरून खाली झेपावला तेव्हा पाठीवरचा पांढरा डाग एकदम उघडला. त्याच जंगलात भोजपत्राची साल कागदासारखी सुटत असते, लोक आठवण म्हणून ओढतात, प्लीज ओढू नका, झाडाला जखम होते.

व्हॅलीत गेल्यावर फुलांच्या मधे माणसाच्या उंचीची पांढऱ्या तुऱ्यांची दाट झाडी दिसेल, ते पॉलिगोनम. ते इथलंच आहे पण पसरून बाकीच्या फुलांना दाबतं म्हणून वनखातं ते उपटतं. चराई बंद केल्यामुळे ते माजलं असं बरेच जण म्हणतात, तिथल्या मेंढपाळांचंही तेच म्हणणं. आपल्या कासलाही चराईवरून असाच वाद आहे, त्यामुळे मला हा मुद्दा हलका वाटत नाही.

नंदादेवी लांबून बघायची तर जोशीमठजवळचं औली, पण पावसाळ्यात ढग असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला कुआरी पासचा ट्रेक वेगळा करा. आत्ता फक्त व्हॅली आणि घांगरियाहूनच वर जाणारं हेमकुंड (तळं आणि गुरुद्वारा) ठेवा. व्हॅलीत मुक्काम चालत नाही, संध्याकाळी घांगरियाला परत यावंच लागतं, तेव्हा व्हॅलीला दोन दिवस द्या. ऋषिकेश ते जोशीमठ अडीचशे किमी, पावसात दरड पडली की रस्ता बंद, म्हणून दोन दिवस हातात जास्तीचे ठेवूनच परतीचं तिकीट काढा.