शिंगवाले बेडूक: ऑर्नेटा की क्रॅनवेल?

प्रश्न: यूट्यूबवर त्या गोलमटोल 'पॅकमॅन' बेडकाचे व्हिडिओ बघते, कुणी त्याला ऑर्नेटा म्हणतं कुणी क्रॅनवेल. एकच आहेत का दोघं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही हो ताई, जाती दोन, फक्त सख्ख्या भावांसारख्या दिसतात. दोन्ही दक्षिण अमेरिकेतल्याच. ऑर्नेटा मुख्यतः अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ भागातला, शिवाय उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील, तर क्रॅनवेल त्याच्या उत्तरेला ग्रान चाकोच्या कोरड्या पट्ट्यात, पॅराग्वे-बोलिव्हियापर्यंत. क्रॅनवेलला वेगळी जात म्हणून नाव मिळालं तेच मुळी १९८० साली, त्यामुळे घोळ होणारच.

ओळखायचं तर आधी शिंगं बघा, म्हणजे डोळ्यावरच्या पापणीची मांसल टोकं, हाड-बिड काही नाही त्यात. क्रॅनवेलची जरा उंच नि टोकदार, ऑर्नेटाची बुटकी. रंगावर मात्र जाऊ नका, ऑर्नेटा साधारण हिरवा-लाल आणि क्रॅनवेल तपकिरीकडे असतो खरा, पण पाळीव क्रॅनवेलमध्ये ब्रीडर लोकांनी हिरवे, पिवळे, काय वाट्टेल ते रंग काढलेत. व्हिडिओत दिसतो तो बहुतेक वेळा क्रॅनवेलच.

खरी गंमत पेशीत आहे. क्रॅनवेलची गुणसूत्रं २६ आणि ऑर्नेटाची १०४, थेट चौपट!

बाकी सवयी सेमच, अर्धं अंग मातीत पुरून बसायचं, तोंडासमोरून जाईल ते गिळायचं, आणि कोरड्या दिवसांत कातडीच्या थरांचा कोष करून जमिनीखाली पडून राहायचं. आणि हो, दोघंही कडकडून चावतात.