मंडळीच्या सेवाकार्याचं पुढचं पाऊल प्रार्थनेतून कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची मंडळी, म्हणजे चर्च, चाळीस घरांची आहे, सहा महिने दर शुक्रवारी उपास-प्रार्थना चालू आहे, आणि तरी प्रभू कुठं पाठवतोय ते उमगत नाही. मला आधी एवढंच सांगा, त्या सहा महिन्यांत मोठ्यानं प्रार्थना कोणी कोणी केली? पाळक, सेक्रेटरी, खजिनदार आणि तरुण संघाचा एखादा बोलका मुलगा, एवढेच असतील तर उत्तर आलेलं असूनही तुमच्या कानावर पडलेलं नसेल.

आमच्याकडे हेच झालं. आमची मंडळी जालना जिल्ह्यातली. माझ्या आजीचं माहेर बेथेलचं, म्हणजे मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती गावातलं. त्यामुळं सेवाकार्य हा आमच्या घरात जेवताना बोलायचा विषय. 2018 ला दुष्काळ जाहीर झाला त्या वर्षी कमिटीनं चाळीस दिवसांची प्रार्थना ठेवली. विषय, 'मंडळीचं पुढचं पाऊल'. पण कागदावर तीन ओळी आधीच छापलेल्या होत्या: हॉल, साऊंड सिस्टिम, तीन दिवसांची कन्व्हेन्शन. हॉलचं कोटेशन खजिनदारांच्या बॅगेत होतं. खजिनदार म्हणजे माझे सख्खे मामा.

रोज संध्याकाळी आम्ही त्या तीन ओळींवर प्रार्थना करायचो. मीही केली, हे कबूल करतो. एका शुक्रवारी महिला मंडळाची पाळी आली. मागं बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी तोंड उघडलं. त्यांना प्रार्थनेची पुस्तकी भाषा येत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रभू, शेजारच्या दोन लेकरांला रातच्याला भाकर कोण करायलंय ते तूच बघ. त्यांच्या आजीला दिसंना." आमेन झालं, आम्ही पुन्हा हॉलकडं वळलो. पुढच्या शुक्रवारी त्यांनी तेच मागितलं. तिसऱ्या शुक्रवारीही तेच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दिवाळी झाली की हजेरीपट कसा रिकामा होतो ते मला कोणी सांगायची गरज नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पाच-सहा महिने फडात. काही लेकरं सोबत जातात, काही म्हाताऱ्यांपाशी राहतात. हे सगळं माहीत असून मी कधी प्रार्थनेत आणलं नव्हतं. रविवारी उपासनेनंतर तरुण संघाची दोन पोरं घेऊन वस्तीवर गेलो. मागं राहिलेली सतरा लेकरं निघाली. त्यातली ख्रिस्ती घरची दोनच.

कमिटीत सांगितलं. मामा म्हणाले, "ती त्या बाईची खासगी विनंती होती. मंडळीचा विषय हॉल आहे. आणि ती लेकरं आपली नाहीत." हे शेवटचं वाक्य मी अजून विसरलो नाही. मतं पडली, हॉल मंजूर झाला.

आता तुमच्या प्रश्नाकडं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय 13 मध्ये अंत्युखियाची मंडळी उपास करत होती, तेव्हा पवित्र आत्म्यानं बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) मागितले. म्हणजे मंडळीतली सगळ्यात कामाची दोन माणसं. तिला काही मिळालं नाही, तिच्याकडून गेलं. तुमच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीनं मंडळीलाच काहीतरी मिळणार असेल, तर ती यादी देवाकडून आली असं मी तरी मानणार नाही. अध्याय 16 मध्ये पौल आणि सोबत्यांना आधी आसिया बंद, मग बिथुनिया बंद, आणि त्रोवसला मासेदोनियाच्या माणसाचं दर्शन. दर्शन एकट्या पौलाला झालं, पण पुढं हे पुस्तक लिहिणारा लूक 'आम्ही' लिहितो: देवानं आम्हाला बोलावलंय असं आम्ही समजलो. एकाला दिसतं, पारखतात सगळे मिळून. आणि जुन्या करारातल्या नहेम्यानं महिनोन् महिने प्रार्थना केली, पण यरुशलेमेत पोचल्यावर तो रात्रीचा पडलेली तटबंदी स्वतः बघून आला. आमचे मामा कधी वस्तीवर आले नाहीत. फडात लेकरं कशी राहतात हेही त्यांनी कधी पाहिलं नाही.

चिठ्ठ्या टाकणं, बायबलमधल्या गिदोनासारखी देवाकडं खूण मागायला लोकर ठेवणं, 'अमुक झालं तर देवाची इच्छा' असल्या अटी घालणं, या वाटेला जाऊ नका. पुढच्या शुक्रवारी यादी घरी ठेवा. जे कधीच बोलत नाहीत त्यांना आधी प्रार्थना करू द्या, नंतर पंधरा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा. चार आठवडे कोण काय मागतंय ते वहीत लिहा. एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांतून किंवा एकाच तोंडातून सारखी येत असेल, तर चप्पल घाला आणि बघून या.

हॉल बांधणं पाप आहे असं माझं म्हणणं नाही. आमचा झाला, संडे स्कूल तिथंच भरतं, पावसाळ्यात बरं पडतं. आणि बिगरख्रिस्ती लेकरांसाठी काही करणार असाल तर आजी-आजोबांना विचारा, फोनवर आई-बापाला विचारा, आणि जेवणाच्या बदल्यात गाणं किंवा प्रार्थना म्हणायला लावू नका. आम्ही पहिल्या दिवसापासून हा नियम पाळला. मुक्कामाची सोय हवी असेल तर हंगामी वसतिगृहाबद्दल शाळेत विचारा, सगळं मंडळीनंच करायला हवं असं नाही.

मतदान हरल्यावर महिला मंडळ आणि तरुण संघानं त्याच आठवड्यात चूल मांडली. संध्याकाळी भाकरी, वरण, त्यानंतर तासभर अभ्यास. कोरोनाचा काळ सोडला तर दरवर्षी दिवाळीनंतर ते कोयते परत येईपर्यंत चालतं. त्या म्हाताऱ्या बाई दोन वर्षांपूर्वी प्रभूकडं गेल्या. पीठ घरोघरचं असतं. मामा अजून म्हणतात की मंडळीनं प्रार्थनेत ठरवलं ते हॉलचंच. त्यांच्या घरचं पीठ मामी आणून देते, दर सोमवारी, स्वतः.