ब्लू टिक घेऊ का अकाउंट बंद करू? – सोलापूरचं माहितीचं हँडल चालवणाऱ्या भावाला उत्तर

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. कॉलेजपासून एक्सवर (म्हणजे जुन्या ट्विटरवर) सोलापूरचं हँडल चालवतोयस, उजनी धरणाची पातळी, नळाला पाणी कुठल्या भागात कधी, गाड्यांच्या वेळा, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कुठले रस्ते बंद, सगळं मराठीत, एक रुपया न घेता. आणि आता रीच पडला, म्हणजे पोस्टी कमी लोकांना दिसायला लागल्या, म्हणून विचारतोयस की पैसे भरून नावापुढची निळी टिक घेऊ का सगळं बंद करून दुसरीकडे जाऊ. माझं ऐकशील तर दोन्ही नको. अकाउंट राहू दे, पण तुझे वाचक आणि तुझं जुनं काम एकट्या त्या कंपनीच्या भरवशावर ठेवू नको.

आधी पैशाचं बघ म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. २७ ऑक्टोबर २०२२ ला इलॉन मस्कने ट्विटर घेतलं ४४ अब्ज डॉलरला, आणि त्यातलं साधारण १३ अब्जाचं कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसलं. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२१ ला कंपनीचं सगळं उत्पन्न ५ अब्जाच्या आसपास, तेही जवळपास सगळं जाहिरातीचं. आल्या आल्या सीईओ पराग अग्रवाल (आपल्या आयआयटी मुंबईचा) गेला, आठवडाभरात साडेसात हजारातली निम्मी माणसं काढली, भारतातल्या टीमचंही तेच झालं. खोट्या आणि घाणेरड्या पोस्टवर लक्ष ठेवणारे पण त्यातच गेले, मग मोठमोठ्या जाहिरातदारांनी हात आखडला, आणि व्याज तर भरायचंच होतं. मग वसुली कुणाकडून, तर वापरणाऱ्यांकडून. टिक विकायला काढली ती यातूनच, डेव्हलपर लोकांची फुकटची एपीआय (बाहेरचे प्रोग्राम ट्विटरला जोडायची सोय) २०२३ ला बंद केली तीही त्याच सुमारास. त्या एपीआयवर कितीतरी हवामानाचे आणि भूकंपाचे बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणारी अकाउंटं, चालायचे रे, लोकांच्या रोजच्या उपयोगाचे, त्यातल्या बऱ्याच जणांना गाशा गुंडाळावा लागला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

टिकचं काय झालं ते नीट समजून घे. पूर्वी टिक म्हणजे हा माणूस तोच आहे हे कंपनीने तपासलंय. आता टिक म्हणजे याने पैसे भरलेत. १० नोव्हेंबर २०२२ ला, टिक विकायला लागून दोन दिवस पण झाले नसतील, कुणीतरी ८ डॉलर भरून एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाचं खोटं अकाउंट केलं आणि लिहिलं की इन्सुलिन आता फुकट. कंपनीला स्वतःच्या खऱ्या अकाउंटवरून जाहीर खुलासा करावा लागला. ज्याच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्याने ती पोस्ट वाचली असेल तर त्याला काय वाटलं असेल याचा विचार कर. आपल्याकडे कुठलीही पातळ चादर सोलापुरी म्हणून खपवतात आणि खरी जेकार्ड (मागावरच नक्षी विणलेली) चादर विणणारा जीआय मानांकन असून बाजूला पडतो, तसंच हे. तू टिक घेतलीस तरी लोकांना तू खरा आहेस हे त्यातून कळणार नाही.

टिकने रिप्लायमध्ये वर दिसशील, थोडी ढकल मिळेल, एवढं खरं. २०२३ च्या फेब्रुवारीत भारतात वेबवर महिन्याला ६५० आणि मोबाइलवर ९०० रुपये होते, २०२५ ला बरेच उतरवले. पण कमाई होईल या आशेवर घेऊ नको. त्यासाठी तीन महिन्यांत ५० लाख इम्प्रेशन (पोस्टी तेवढ्या वेळा दिसायला हव्यात) आणि टिकवाले ५०० फॉलोअर अशी अट ठेवली होती, वर नंतर पैसे टिकवाल्यांच्या लाइक-रिप्लायवर मोजायला लागले. नळाला पाणी कधी येणार हे बघायला येणारा जुळे सोलापूरचा माणूस काय टिकवाला असतोय होय? त्या पैशाच्या नादात भांडणं लावणाऱ्या पोस्टी टाकाव्या लागतात, तू त्यातला नाहीस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी तुला कळकळीने सांगतोय. फॉर यू टॅब, म्हणजे अॅप उघडलं की कंपनीच निवडून दाखवते ती यादी, वेळेप्रमाणे लागत नाही. समज पावसाळ्यात सकाळी तू टाकलंस, उजनीतून विसर्ग वाढवला. दुपारी टाकलंस, कमी केला. पंढरपुरातल्या माणसाला रात्री सकाळचीच पोस्ट वर दिसणार कारण तिला शेअर जास्त, किंवा त्याच्या उलट, म्हणजे पाणी वाढतंय आणि त्याला कालची निवांत पोस्ट दिसतेय, हे तर जास्त वाईट. त्यात चंद्रभागेचं पाणी एकट्या उजनीवर नसतं, वीर धरणाचं पाणी नीरेतून नरसिंगपूरला भीमेत येतं, म्हणजे दोन आकडे सोबत लागतात. म्हणून पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ, मग उजनी किती क्युसेक, वीर किती क्युसेक, आकडा कुणी दिला ते. "आज", "आत्ता", "थोड्या वेळापूर्वी" हे शब्द पोस्टमधून काढूनच टाक. आणि विसर्ग बदलला की जुन्या पोस्टखाली रिप्लाय टाकून सांग, जमलं तर जुनी डिलीट कर.

लिंक मुख्य पोस्टमध्ये टाकून वाचक येतील असं धरू नको, नोव्हेंबर २०२४ ला मस्क स्वतःच बोलला की मजकूर पोस्टमध्ये लिहा आणि लिंक रिप्लायला टाका. मजकूर पूर्ण तिथेच लिही. वाचकांना फॉलोइंग टॅब (फॉलो केलेल्यांच्याच पोस्टी असतात ती) दाखव, नोटिफिकेशनची घंटी चालू करायला सांग, स्क्रीनशॉट काढून एकदा समजव, लोक करतात. सरकारी अकाउंट शेअर करताना सरकारी खात्यांना असते ती राखाडी टिक बघ, ती पैसे देऊन मिळत नाही.

आणि हे आजच कर: सेटिंगमध्ये जाऊन अर्काइव्हची (तुझ्या सगळ्या जुन्या पोस्टींच्या फाइलची) रिक्वेस्ट टाक, फाइल यायला वेळ लागतो, आली की पेनड्राइव्हवर पण ठेव. इतक्या वर्षांच्या उजनीच्या नोंदी सोलापुरात अजून कुणाकडे अशा एका जागी असतील असं मला नाही वाटत. एसएमएसवरचा ओटीपी मार्च २०२३ पासून फक्त पैसे भरणाऱ्यांना आहे, तेव्हा ऑथेंटिकेटर अॅप (फोनमध्येच कोड तयार करणारं) लाव, नाहीतर हँडल कुणी उडवलं तर परत मिळवताना नाकी नऊ येतील. व्हॉट्सअॅप चॅनेल काढ, पण ती पण दुसऱ्याचीच जागा, म्हणून सोबत एक साधी वेबसाइट स्वतःच्या डोमेनवर घे, रोजचा आकडा आधी तिथे आणि मग बाकी सगळीकडे. डोमेनला वर्षाला जेवढे जातात त्यात टिकचं अख्खं वर्ष निघणार नाही. साइट उभी करायला मदत लागली तर मेसेज कर, रविवारी दुपारी मी मोकळा असतो.