वाचकांचे प्रश्न : डास, डेंग्यू आणि विश्वासार्ह मजकूर

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पावसाळ्यात एक संदेश फिरतो. डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडू शकत नाही आणि खोबरेल तेल हे प्रतिजैविक आहे, म्हणून पावलांपासून गुडघ्यापर्यंत ते लावावे, असे त्यात लिहिलेले असते. याच धाटणीचे लेख आता संकेतस्थळांवरही दिसतात. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या माणसाने त्यांतले खरे-खोटे कसे ओळखावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा संदेश टिकून राहिला आहे, कारण त्यात खऱ्याचा एक कण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो आणि बऱ्याचदा पायांना चावतो, हे खरे आहे. मात्र तो गुडघ्याच्या वर उडत नसता, तर इमारतींच्या गच्चीवरील टाक्यांत आणि वरच्या मजल्यांवरील कुंड्यांखालच्या ताटल्यांत त्याच्या अळ्या सापडल्याच नसत्या. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात आणि डेंग्यू विषाणूमुळे होतो, त्यामुळे संदेशाचा दुसरा भागही तिथेच कोसळतो.

खरे-खोटे ओळखण्यासाठी आम्ही संपादन करताना विचारतो तो पहिला प्रश्न आपणही विचारू शकता : या उपायाने नेमके काय कमी झाले, असा दावा आहे? डास मेले, चावे कमी झाले आणि आजार कमी झाला, हे तीन वेगळे दावे आहेत. त्यांतला पहिला सिद्ध करून तिसरा विकण्याची रीत फार जुनी आहे. निळ्या दिव्याच्या विजेच्या सापळ्याचेच पाहा. त्यात रोज सकाळी मेलेल्या किड्यांचा ढीग दिसतो आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अशा सापळ्यांत मेलेले कीटक मोजण्यात आले. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 13,789 कीटकांपैकी रक्त पिणारे अवघे 31 निघाले. उच्च कंपनांचा आवाज सोडणारी यंत्रे आणि मोबाइलमधील तशी अॅप यांची गत याहून वाईट आहे. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2007 साली प्रत्यक्ष परिसरात घेतलेल्या दहा चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा या यंत्रांमुळे माणसांवर बसणारे डास कमी होतात याचा काहीही पुरावा मिळाला नाही.

याउलट, आजारच मोजणारा अभ्यास कसा असतो, हे इंडोनेशियातील योग्याकर्ता शहरात दिसले. डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू सहज वाढू न देणारा वोल्बाकिया हा जिवाणू असलेले डास शहराच्या काही भागांत सोडले गेले आणि काही भाग तुलनेसाठी तसेच ठेवले गेले. कोणत्या भागात डास सोडायचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार डास सोडलेल्या भागांत तपासणीने निश्चित झालेल्या डेंग्यूचे प्रमाण 77 टक्क्यांनी कमी होते. प्रत्येक उपायाचा असा अभ्यास झालेला असेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये, पण आपला पुरावा कोणत्या पायरीवरचा आहे हे लेखकाने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पपईच्या पानांच्या रसाविषयीचे लेखही याच कसोटीवर वाचावेत. डेंग्यूत प्लेटलेट आधी घटतात आणि रुग्ण सावरू लागला की औषधावाचूनही वाढतात, त्यामुळे त्या दिवसांत जे काही दिले जाईल त्याला यश मिळाल्यासारखे दिसते. काही लहान अभ्यासांत या रसाने प्लेटलेट लवकर वाढल्याचे दिसले असले, तरी त्याने गंभीर डेंग्यू किंवा मृत्यू टळतात, असे त्यांवरून म्हणता येत नाही. असे लेख जे सांगत नाहीत, ते अधिक धोक्याचे आहे. डेंग्यूतील कठीण काळ पुष्कळदा ताप उतरू लागल्यावर सुरू होतो. त्या वेळी पोटात तीव्र वेदना, सततच्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, विलक्षण सुस्ती किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले, तर रस गाळत न बसता रुग्णालय गाठावे लागते. डेंग्यूची शंका असताना अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे, हे वाक्य ज्या लेखात नाही, तो बाकी कितीही देखणा असला तरी आम्ही छापत नाही.

प्रश्न : आम्ही काही निवृत्त शिक्षक तालुक्यापुरते आरोग्यविषयक माहितीचे एक लहान संकेतस्थळ चालवतो. डासांविषयी लिहिताना आम्ही कोणते नियम पाळावेत?
— एक वाचक, जत (जि. सांगली)

उत्तर : सर्वांत आधी डासाचे नाव लिहा. ‘डास’ या एका शब्दाखाली एडिस, अॅनाफिलीस आणि क्युलेक्स यांची सरमिसळ झाली की पुढचा सल्ला चुकतोच. एडिस घरातल्या साठवलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो, हिवताप पसरवणारा अॅनाफिलीस रात्री चावतो, तर गटारीच्या घाण पाण्यात प्रामुख्याने क्युलेक्स होतो. तरीही डेंग्यूच्या लेखाला तुंबलेल्या गटारीचे छायाचित्र लावण्याची सवय काही सुटत नाही! छायाचित्र हीसुद्धा माहितीच असते. ते पाहून गृहिणी गटारीवर पावडर मारते आणि न्हाणीतले पिंप तसेच राहते.

दुसरे म्हणजे सल्ला पाळता येईल असा आणि पूर्ण असावा. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’, म्हणजे त्या दिवशी पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, हे सर्वत्र लिहिले जाते, पण आठवडाच का, हे क्वचितच सांगितले जाते. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात, म्हणून ती साखळी त्याआधी तोडायची असते. शिवाय एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली, तरी महिनोन्महिने जगू शकतात. ‘भांडी रिकामी करा’ या वाक्यात ‘आतून घासून’ हे दोन शब्द नसतील, तर तो सल्ला अर्धाच राहतो. आता जतसारख्या पाणीटंचाईच्या भागात, जिथे नळाला किंवा टँकरने कित्येक दिवसांनी पाणी येते, तिथे भरलेले पिंप ओतून द्या असे लिहिणारा लेखक वाचकाच्या घरी कधी गेलेलाच नसतो. तिथे घट्ट झाकण किंवा दुहेरी फडके बांधणे, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडणे आणि पिंप रिकामे होईल त्या दिवशी ते घासून मगच भरणे, असे लिहावे लागेल. गप्पी माशांसाठी तालुक्यातील आरोग्य यंत्रणेकडे किंवा जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारणा करावी.

उत्पादनांविषयी लिहिताना ब्रँडपेक्षा आतील कीटकनाशकाचे नाव द्या. ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन ही नावे वाचकाला अवघड वाटतील, पण दोन वेगळ्या खोक्यांत एकच द्रव्य आहे हे त्याला त्यावरूनच कळेल. आपल्या देशात कीटकनाशकांची नोंदणी 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार होते आणि नोंदणी क्रमांक वेष्टनावर असतो. बाजारात सुट्या मिळणाऱ्या, ‘पूर्ण हर्बल’ म्हणवणाऱ्या काही डासांच्या अगरबत्त्यांवर तो क्रमांक नसतो. अशा मालाविषयी वाचकाला स्पष्ट सावध करावे. ‘नैसर्गिक’ या शब्दालाही सूट देऊ नये. धूर कडुनिंबाचा असला तरी बंद खोलीत दम्याच्या रुग्णाला तो धूरच असतो. आणि एखाद्या कंपनीने पैसे, नमुने किंवा विक्रीवरचे कमिशन दिले असेल, तर ते लेखाच्या सुरुवातीलाच लिहा, तळाशी बारीक अक्षरांत नको.

प्रत्येक लेखावर प्रथम प्रसिद्धीची आणि शेवटच्या तपासणीची अशा दोन तारखा हव्यात. डेंग्व्हॅक्सिया या डेंग्यूच्या लशीचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. डेंग्यूचा फार प्रादुर्भाव असलेल्या देशांनी तिचा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये म्हटले होते आणि त्याच वर्षी फिलिपाइन्सने शाळकरी मुलांना ती देण्यास सुरुवात केली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना लस घेतल्यानंतर पुढे डेंग्यू झाल्यास तो गंभीर होण्याचा धोका वाढतो, असे नोव्हेंबर 2017 मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले, तेव्हा ती मोहीम थांबवावी लागली. 2016 साली काळजीपूर्वक लिहिलेला लेख दोन वर्षांत धोकादायक झाला होता. जुना लेख बदलला, तर काय बदलले आणि का, हे त्याच पानावर लिहा; गुपचूप पुसून टाकू नका.

प्रश्न : लेखाखाली डॉक्टरांचे नाव आणि पदवी असली, तर तेवढे पुरेसे नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. नाव हवेच, कारण जबाबदार कोण हे कळले पाहिजे, पण नावाने पुराव्याची जागा भरून निघत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये एडिस डासामुळेच पसरणाऱ्या आणि गर्भातील बाळाला अपाय करू शकणाऱ्या झिका विषाणूची साथ जोरात असताना अर्जेंटिनातील डॉक्टरांच्या एका गटाने असा आरोप केला की, ब्राझीलमधील बाळांची डोकी लहान राहण्यामागे पायरिप्रॉक्सिफेन हे पाण्यात टाकले जाणारे अळीनाशक आहे. आरोप करणारे डॉक्टर होते, त्यामुळे बातमी जगभर पसरली आणि ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याने ते अळीनाशक वापरणे थांबवले. परंतु रेसिफे शहरात अशी बाळे मोठ्या संख्येने जन्मली होती आणि तिथे ते अळीनाशक वापरलेच जात नव्हते. ही साधी पडताळणी करण्यासाठी पदवी लागत नाही. झिका आपल्यापासून दूर आहे असेही मानू नका : महाराष्ट्रातील पहिला रुग्ण 2021 साली पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला आणि 2024 मध्ये पुणे शहरात अनेक रुग्ण सापडले. त्यामुळे गर्भवती स्त्रियांसाठी लिहिलेला मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी लेखकाव्यतिरिक्त दुसऱ्या एका तज्ज्ञाने तो वाचलेला असावा.

प्रश्न : धूरफवारणीची छायाचित्रे स्थानिक बातम्यांत नेहमी येतात, डास मात्र कमी होत नाहीत. मग त्या बातम्या खोट्या समजायच्या का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बातमी खोटी नसते, अपुरी असते. धुरामुळे त्या वेळी हवेत उडणारे प्रौढ डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि घरात पडद्यामागे किंवा पलंगाखाली बसलेला एडिस, दारे-खिडक्या लावून घेतल्या असतील तर, सहज वाचतो. म्हणून साथीच्या वेळचा तातडीचा उपाय एवढेच धूरफवारणीचे स्थान आहे. आपल्या प्रभागात शंभर घरे तपासली तेव्हा त्यांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, हा आकडा फवारणीच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी अधिक सांगतो. आरोग्य विभाग असे सर्वेक्षण करतो. तो आकडा बातमीत का नव्हता, हे आपण वार्ताहराला जरूर विचारावे.