‘इन कॅमेरा’ म्हणजे कॅमेऱ्यासमोर की बंद दाराआड?

प्रश्न असा आला आहे: वर्तमानपत्रात एक दिवस ‘पीडितेची साक्ष इन कॅमेरा होणार’ असं येतं आणि चार दिवसांनी ‘मृतदेहाचं इन कॅमेरा शवविच्छेदन’. दोन्हीकडे ‘इन कॅमेरा’चा अर्थ एकच आहे का? आणि कोर्टात खरंच चित्रीकरण होतं का?

अर्थ एक नाही, जवळजवळ उलटे आहेत. शवविच्छेदनाच्या बातमीत व्हिडिओ चित्रीकरण अभिप्रेत असतं, म्हणजे पुढे कुणी शंका घेतली तर दाखवता यावं. साक्षीच्या बातमीत मात्र कुणी पाहू नये, ऐकू नये, म्हणून दार लावून घेणं अभिप्रेत असतं. कायद्याच्या भाषेतला मूळ अर्थ हाच, बंद दाराचा. तिथल्या ‘कॅमेरा’चा फोटोशी संबंध नाही. कॅमेरा म्हणजे खोली.

हा घोळ मी जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका काकूंना सोबत म्हणून कौटुंबिक न्यायालयात गेलो होतो. पुकारा झाला, शिपाई दारात आला आणि म्हणाला, “इन कॅमेरा आहे, बाकीचे बाहेर थांबा.” काकूंनी आधी पदर डोक्यावर ओढला, मग छताच्या कोपऱ्यांकडे पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरून विचारलं, “शूटिंग करणारेत का रे? मग मी नाही बोलायची काही.” जी सोय त्यांना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून केलेली, तिच्या नावानंच त्यांचं तोंड बंद केलं होतं. तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागलो.

मुळात शब्द ग्रीक, ‘कामारा’. अर्थ कमानदार छत. तो लॅटिनमध्ये ‘कामेरा’ झाला, तेव्हाही अर्थ घुमटाकार छत असाच होता. पुढे छतावरून छताखालची जागा, म्हणजे खोली. आपणही ‘डोक्यावर छप्पर नाही’ म्हणतो तेव्हा घरच नाही असं म्हणायचं असतं, तसंच हे. (इथे ‘कमान’ शब्द आठवेल, पण तो फारसीतला आहे, धनुष्य या अर्थाचा. नुसत्या ध्वनिसाम्यावरून त्याला या घराण्यात बसवू नये.)

बोलणारे लोक मात्र ‘कामेरा’ म्हणतच होते असं नाही. ‘प्रोबसची पुरवणी’ या नावानं ओळखली जाणारी एक जुनी लॅटिन यादी आहे. तिच्यात ‘हे म्हणावं, ते म्हणू नये’ अशा २२७ दुरुस्त्या आहेत. त्यांतली एक आहे: ‘कामेरा, काम्मारा नव्हे’. कुणी व्याकरणाचा शिक्षक चुका सुधारत बसला होता आणि त्यामुळेच लोक काय बोलत होते ते आपल्याला कळलं. गंमत म्हणजे मधला ‘मा’ पुष्कळ ठिकाणी टिकला. स्पॅनिशमध्ये ‘कामारा’, पोर्तुगीजमध्येही ‘मा’वालाच शब्द. इटालियननं तेवढा शिक्षकाचा ‘कामेरा’ जसाच्या तसा ठेवला.

फ्रेंचमध्ये त्याचा ‘शांब्र’ झाला. ओळखूही येत नाही, पण वाट सरळ आहे. शब्दारंभीच्या ‘का’चा फ्रेंचमध्ये आधी ‘च’ आणि मग ‘श’ झाला. मधला स्वर गळाला, त्यामुळे ‘म’ आणि ‘र’ एकमेकांना भिडले. ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात, त्यातून एकदम ‘र’वर जाताना मध्ये ‘ब’ आपोआप फुटतो. म्हणून ‘काम्र’चं ‘कांब्र’. स्पेनच्या ईशान्येकडच्या कातालान भाषेत तर आजही ‘काम्ब्रा’च म्हणतात.

हा ‘ब’ मराठी माणसाला परका वाटायला नको. संस्कृत ‘आम्र’चा प्राकृतात ‘अंब’ झाला आणि आपण आंबा खाऊ लागलो. ‘ताम्र’चा ‘तंब’ आणि मग तांबं. आंब्यातला ‘ब’ आणि पॅरिसच्या ‘शांब्र’मधला ‘ब’ एकाच कारणानं जन्मले, एकमेकांना न विचारता. मला व्युत्पत्तीत सगळ्यात जास्त आनंद अशा ठिकाणी होतो. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत गेला, तोच आपल्या ओळखीचा ‘चेंबर’. मूळ ‘ब’ तिथेही शाबूत आहे, आणि ‘श’ होण्याआधीचा जुना ‘च’सुद्धा.

आता अर्थ पाहू. इथे खरी धमाल आहे, कारण लॅटिनच्या या मुलींनी, म्हणजे सख्ख्या बहिणींनी, एकच वस्तू घेऊन वेगवेगळे संसार थाटले आहेत. इटालियनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे आजही साधी खोली. रोममध्ये हॉटेलात ‘कामेरा’ मागितलीत तर किल्ली मिळेल. फोटो काढायच्या यंत्राला ते ‘फोटोकामेरा’ म्हणतात, किंवा सरळ ‘फोटोचं यंत्र’. फ्रेंचमध्ये ‘शांब्र’ म्हणजे मुख्यत्वे निजायची खोली, आणि ‘कामेरा’ म्हटलं की चित्रपटाचा किंवा व्हिडिओचा कॅमेरा. स्पॅनिशमध्ये ‘कामारा’वरून फोटोचा कॅमेरा कळेल, संसदेचं सभागृह कळेल, पण झोपायची खोली हवी असेल तर दुसरा शब्द वापरा. सायकलच्या टायरमधल्या ट्यूबला फ्रेंच आणि स्पॅनिश दोघेही ‘हवेची खोली’ म्हणतात, तिथेही हाच शब्द. रुमानियनमध्ये ‘कामेरा’ खोलीला आणि त्याचाच भाऊबंद ‘कमारा’ धान्य-लोणची ठेवायच्या कोठीला.

खोलीची कामं करणारा तो लॅटिनमध्ये ‘कामेरारियुस’. त्याचे वंशज आज वेटर आहेत: इटलीत ‘कामेरिएरे’, स्पेनमध्ये ‘कामारेरो’. शब्द निजायच्या खोलीतून निघून खानावळीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

आणि ‘कॉम्रेड’! स्पॅनिशमध्ये ‘कामारादा’ म्हणजे आधी एका खोलीत राहणाऱ्यांचा सगळा जथा, विशेषतः सैनिकांचा. मग त्या जथ्यातला एक जण म्हणजे सोबती. फ्रेंच ‘कामाराद’मधून तो इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्या गिरणगावात आला. कॉम्रेड डांगे, कॉम्रेड पानसरे म्हणताना आपण मुळात ‘खोलीतला सोबती’ म्हणत असतो. गिरणगावच्या चाळींत एकेका खोलीत दहा-दहा गडी पाळीपाळीनं झोपत. तिथे या शब्दाला त्याचा मूळ अर्थ पुन्हा भेटला असं मला फार मनापासून वाटतं.

पोर्तुगालमध्ये हा शब्द सभेकडे आणि सत्तेकडे झुकला. तिथे ‘कामारा’ म्हणजे नगरपालिका, आणि महापौर म्हणजे ‘कामाराचा अध्यक्ष’. पुढे पोर्तुगालचे पंतप्रधान झालेले अंतोनियो कोस्ता २००७ ते २०१५ लिस्बनच्या कामाराचे अध्यक्ष होते. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. त्याच मडगावात पोर्तुगीज राजवटीत नगरपालिकेला ‘कामारा’च म्हणत. खोलीवरून संस्था हा अर्थविस्तार आपल्याकडेही आहेच. ‘सभागृहाची दिशाभूल केली’ म्हणताना कुणी भिंतींची दिशाभूल केलेली नसते.

हिंदीतला ‘कमरा’ हाही याच पोर्तुगीज शब्दाचा. ‘चावी’ आणि ‘पाव’ ज्या गलबतांतून आले, त्यांतूनच तो उतरला. पोर्तुगीज उच्चारातला त्यातला पहिला स्वर आपल्या ऱ्हस्व ‘अ’च्या जवळचा आहे, त्यामुळे देवनागरीत ‘कमरा’ लिहिलेलं मुळाशी चांगलं जुळतं. मराठीत मात्र आपली ‘खोली’ भक्कम होती, तिनं त्याला फारसं आत घेतलं नाही. पण त्याचा धाकटा भाऊ ‘कॅमेरा’ इंग्रजीतून आला आणि घरोघरी बसला. एकाच लॅटिन शब्दाची दोन मुलं, एक समुद्रानं आलं आणि एक पाठ्यपुस्तकानं. त्यांना आपण भाऊ म्हणून ओळखतही नाही.

(एक सावधगिरी: कॅमेरून देशाचा या खोलीशी संबंध नाही. पोर्तुगीज खलाशांनी तिथल्या नदीला ‘कोळंब्यांची नदी’ म्हटलं. त्यांच्या भाषेत कोळंबी म्हणजे ‘कामारांव’, तो शब्द निराळा.)

खोलीचं यंत्र झालं ते असं. एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं पडतं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६०४ साली अशा खोलीसाठी ‘कामेरा ऑब्स्कुरा’ हे लॅटिन नाव वापरलं. अर्थ अगदी शब्दशः ‘अंधारी खोली’. पुढे खोली लहान होत पेटीएवढी झाली, १८३९ मध्ये फ्रान्सच्या दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, आणि ‘अंधारी’ गळून नुसती ‘खोली’ उरली. आज खिशातल्या फोनमध्ये ती असते.

कोर्टानं मात्र हा फाटा पकडलाच नाही. तिथे ‘इन कॅमेरा’ लॅटिनच राहिलं: ‘इन’ म्हणजे ‘मध्ये’, म्हणून ‘खोलीत’. खोली न्यायाधीशांची, खुल्या न्यायकक्षाबाहेरची. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २२, पॉक्सो कायदा, २०१२ चं कलम ३७ आणि बलात्काराच्या खटल्यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३२७) या सगळ्यांत हाच अर्थ आहे.

मग शवविच्छेदनाला हे नाव का चिकटलं? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं १९९५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायला राज्यांना सांगितलं. चित्रीकरणासह शवविच्छेदनाची मागणी पुढे इतरही प्रकरणांत होऊ लागली. बातमीला आटोपशीर शब्द हवा होता आणि ‘इन कॅमेरा’ तयार सापडला, असं मला वाटतं. कानाला तो ‘कॅमेऱ्यात’ असाच लागतो. वापर इतका रुळला आहे की मी त्याला चूक म्हणून खोडणार नाही, शब्द असेच चालतात. पण दोन उलट अर्थांचा एक शब्द न्यायालयाच्या दारात उभा असेल, तर त्याचा त्रास माझ्या काकूंसारख्या बाईला होतो, शब्दकोशाला नाही.

म्हणून प्रश्नकर्त्याला माझी सूचना अशी. शवविच्छेदनासाठी ‘चित्रीकरणासह’ लिहा. सुनावणीसाठी ‘बंद दाराआड’ किंवा ‘बंद दालनात’ लिहा. ‘मंत्र्यांच्या दालनात बैठक’, ‘न्यायाधीशांचं दालन’ हे आपण रोज म्हणतोच, आणि ‘कामेरा’चा कोर्टातला अर्थ नेमका तोच आहे. त्या दिवशी काकूंना मी एवढंच म्हणालो होतो, “दार लावून घेणारेत, काकू. आत साहेब, वकील आणि तुम्ही.” त्यांनी पदर खाली घेतला आणि आत गेल्या.