काळ्या शर्टावरचा पिवळा सूर्य

प्रिय मित्रा,

२६ जानेवारीच्या मोर्च्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या झेंड्याचे टी-शर्ट छापायचे म्हणतोस, तर आधी तारीख समजून घे. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन. ऑस्ट्रेलियात १७८८ साली ब्रिटिशांनी सिडनीत झेंडा रोवला तो हाच दिवस. १९७२ मध्ये याच दिवशी चार अ‍ॅबोरिजिनल तरुणांनी कॅनबेऱ्यात संसदेसमोर छत्री रोवून जमिनीच्या हक्कासाठी ‘तंबू दूतावास’ थाटला.

त्याआधी सहा महिने, जुलै १९७१ मध्ये, लुरिट्जा या अ‍ॅबोरिजिनल समाजातल्या हॅरल्ड थॉमस या चित्रकाराने काढलेला हा झेंडा अ‍ॅडलेडला पहिल्यांदा फडकला. वर काळा, म्हणजे माणसं. खाली लाल, म्हणजे माती. मध्ये पिवळा सूर्य. काळा कायम वरच. घाईत स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, उलटी लागते आणि सगळा गठ्ठा वाया जातो.

शर्ट काळा, शुद्ध सुती घे. पॉलिस्टरचा रंग तापल्यावर शाईत चढतो आणि पिवळा मळकट दिसतो. झेंडा ३० सेंमी रुंद धरलास तर उंची २०, वर्तुळाचा व्यास १०: निम्मं काळ्यात, निम्मं लालात. वरचा काळा पट्टा छापायचाच नाही, तो शर्टच देतो. म्हणूनच वर्तुळाच्या वर निदान ५ सेंमी कापड मोकळं हवं. बहुतेकजण ते गळ्याला चिकटवतात, मग झेंडा राहत नाही, नुसता ठिपका उरतो.

काळ्यावर थेट पिवळी शाई मारलीस तर ती हिरवट दिसेल. आधी पांढरा थर, कडेने अर्धा मिमी आत घेतलेला. तो सुकव, मग पिवळा, पुन्हा सुकव, शेवटी लाल. पिवळा ओला राहिला तर जोडावर नारिंगी रेघ उमटते. लाल अर्धा मिमी पिवळ्यावर चढू दे, नाहीतर मधून पांढरं डोकावेल. प्लॅस्टिसॉल, म्हणजे उष्णतेनेच पक्की होणारी प्लॅस्टिकची शाई, १६० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण तापायला हवी. हाताला कोरडी लागली म्हणजे पक्की भाजली असं नव्हे.

कपड्यावर हा झेंडा छापायला आता परवानगी लागत नाही. मधल्या काळात ते हक्क एका खासगी कंपनीकडे होते आणि अ‍ॅबोरिजिनल संस्थांनाच नोटिसा जात होत्या. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक मोजून स्वामित्वहक्क विकत घेतला. कापडी झेंडे बनवून विकण्याचा परवाना मात्र अजून वेगळा आहे, त्या वाटेला जाऊ नकोस. आणि शर्ट विकणार असशील तर पैसे कोणाकडे जाणार ते तिथल्या लोकांना विचारूनच ठरव.

पहिला शर्ट गरम पाण्यात चोळून धू. तडा गेला नाही, तरच उरलेले छाप.