कॅम्परव्हॅनच्या प्रवासाचा पहिला दिवस

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत भाड्याची कॅम्परव्हॅन (झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन आम्ही पाच जण, त्यांत दोन मुले आणि सत्तरीच्या सासूबाई, गोव्याला निघणार आहोत. एकाच दिवसात पोहोचावे का?
— एक वाचक, दादर

उत्तर : तसा आग्रह मुळीच धरू नये. एवढी उंच आणि जड गाडी हातात बसायलाच पहिला दिवस लागतो. म्हणून पहाटे निघून, पनवेलनंतर राष्ट्रीय महामार्ग ६६ ने पेण, कोलाड, माणगाव करत महाडपर्यंतच जावे आणि उजेड असतानाच मुक्काम करावा. म्हणजे सासूबाईंना विसावा मिळेल आणि मुलांना सकाळी चवदार तळे दाखवता येईल, जिथे १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. एवढ्यासाठी तरी महाडला थांबाच.

पाण्याची टाकी काठोकाठ भरू नये, कारण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. धावत्या गाडीत स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद असावा. मुले मागच्या बिछान्यावर झोपायचा हट्ट करतील, तो मात्र पुरवू नका; गाडी चालू असेपर्यंत प्रत्येकाने पट्टा लावून आसनावरच बसावे. गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा. कमानीखाली शिरण्यापूर्वी ती पाहून घ्यावी लागते.